काट्यावरचा अंगठा

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. भावापाशी नाही, मुलीपाशी नाही, आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — त्याचाही मला संशयच येतो. माणूस आपण होऊन काही कबूल करायला लागला की ह्याच्या मनात आणखी काहीतरी आहे, असंच मी जन्मभर समजत आलो. तेव्हा माझ्यावरही फार विसंबू नका. पण ऐका.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. इंदापूर तालुक्यातला कारखाना — नाव घेत नाही, कारण ह्यात त्याचा काही दोष नाही. उसाची भरली गाडी काट्यावर यायची, मी वजन घ्यायचो. ऊस खाली करून तीच गाडी रिकामी यायची, पुन्हा वजन. मधला फरक म्हणजे ऊस. ऐकायला सोपं वाटतं ना? पण ह्या कामानं माणसाचा स्वभाव बदलतो. कुणी मोळ्यांच्या खाली धोंडे घालून आणतं. कुणी रिकाम्या गाडीतला जॅक नि जादाचं टायर दुसऱ्या वजनाआधी उतरवून झुडपात ठेवून येतं. पहिल्या दोन हंगामांत मी एवढं शिकलो, की वजन आपोआप कमी होत नाही. कमी झालं, तर ते कुठंतरी उतरवलेलं असतं. आणि कुठं उतरवलं ते शोधून काढायचं, हेच आपलं काम. ह्या एका समजुतीनं माझ्या घरात काय केलं ते सांगायला बसलोय.

आमच्या भागात काट्यावरच्या माणसाला कुणी चांगलं म्हणत नाही. 'काटा मारतात' — हे शेतकऱ्याच्या तोंडी कायमचं. मला ते फार लागायचं. एकदा वरकुट्याचे एक आबा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमी काटा मारता, म्हणून तर आमचा ऊस हितं आला की वाळतो." मी खुर्चीतून उठलो, त्यांना हाताला धरून आत नेलं, तपासणीची वजनं एकेक करून काट्यावर मांडली नि आकडा दाखवला. आबा पावती घेऊन गाडीकडं वळले. मी मात्र घरी जाईपर्यंत धुमसत होतो. आजही छातीवर हात ठेवून सांगतो — पंचवीस हंगामांत उसाच्या गाडीला मी एका किलोचाही काटा मारला नाही.

उसाच्या गाडीला. हे दोन शब्द मी मुद्दाम घातलेत.

मंगल माझी बायको. लग्नात अंगानं बेताची होती, मुलगी झाल्यावर सुटत गेली. मी त्यावर कधी बोललो नाही. आमच्याकडं बाई भरली तर घर खाऊनपिऊन सुखी आहे असं म्हणतात. वाळली तर लोक नवऱ्याकडं बघतात. पण मंगलच्या आईला साखरेचा आजार होता. आधी पायाची जखम भरेना, मग डोळे गेले, शेवटची दोन वर्षं ती म्हातारी भिंतीला चाचपडत न्हाणीपर्यंत जायची. मंगलनं ते सगळं आपल्या हातानं केलेलं. आईचं कार्य उरकून परत आली, पिशवी खाली ठेवली, नि पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "मला बारामतीच्या डाक्टरला दावा. माझं आईवाणी व्हायला नगं." ही नव्वदनंतरची, दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मुलगी तेव्हा शाळेत होती.

वजनासाठी तिनं त्याआधी काय केलं नव्हतं? सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध. मेथीचं पाणी. सोमवार, चतुर्थी, एकादशी — नि उपासाला भरपूर कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, त्यामुळं घटायच्या ऐवजी वाढलंच. आठवडेबाजारातनं कसलीशी भुकटी आणली, तिनं चार दिवस जुलाब झाले नि पाचव्या दिवशी सगळं जिथल्या तिथं. डॉक्टरांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, साखर अजून काठावर आहे, वजन उतरलं तर आईच्या वाटेनं जाणं टळू शकेल. रोज पाऊण तास भरभर चालायचं. चहातली साखर बंद. ताटात आधी भाजी, मग भाकरी, आणि दोनाच्या जागी दीड. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ, घाई करायची नाही.

"उतरवणं सहा महिन्यांचं काम आहे बाई," ते म्हणाले, "उतरलेलं धरून ठेवणं जन्माचं. दर महिन्याला वजन करा, एकाच काट्यावर करा, आणि लिहून ठेवा. मन ढिलं पडलं की तो कागद बघायचा."

"ह्यांचाच काटा हाय की!" मंगल म्हणाली. आणि माझ्याकडं तिनं असं बघितलं, की मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. माझ्या काट्यावर असण्याचा अभिमान वाटलेला एवढा एकच माणूस मला आयुष्यात भेटला.

आमच्या केबिनमागं एक खोली होती. तिथं पोत्यांचा जुना काटा पडून असायचा — खाली लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. फळीवर उभं राहायचं, ते वजन सरकवत न्यायचं, दांडी मधोमध तरंगली की तो आकडा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मंगल माझा डबा घेऊन यायची. चप्पल काढायची. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात द्यायची. "किल्ल्यांचं वजन माझ्या नावावर नगं," म्हणायची. मग अनवाणी फळीवर चढून श्वास रोखून उभी राहायची, डोळे दांडीवर.

पहिल्या महिन्यात एक्क्याऐंशी. दुसऱ्या महिन्यात एकोणऐंशी. ती टाळी वाजवून हसली. मीही हसलो. ते दोन्ही आकडे खरे होते, आणि माझं हसूही खरं होतं — एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. घरी गेल्यावर तिनं कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत आकडा लिहिला नि त्याला गोल केला. साखर कारखान्यातल्या माणसाची बायको बिनसाखरेचा चहा पिते म्हणून शेजारच्या बायकांनी पंधरा दिवस चेष्टा केली. तिनं मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या महिन्यात बिघडलं. तिचं नाही, माझं.

काय दिसलं होतं मला? काहीच नाही म्हटलं तरी चालेल. ब्लाउजांना तिनं दोन्ही बाजूंनी टीप घालून घेतली. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. भांडी घासताना गुणगुणायची. बायको अशी दिसली तर नवऱ्याला बरं वाटायला हवं, हो की नाही? पण एक दिवस यार्डातले मुकादम जगन्नाथराव केबिनमध्ये चहा पिता पिता म्हणाले, "वैनी लई बारीक झाल्या की वो! काय इशेष?" माणूस सरळ. बोलला नि बशी खाली ठेवायच्या आत विसरलाही असेल. मी विसरलो नाही. काय विशेष? — हा प्रश्न मी गाड्यांना विचारायचो, तो आता माझ्या घराला कुणीतरी विचारला होता.

मग मी बघायला लागलो. बघायची मला सवयच. उजाडायच्या सुमाराला ती चालायला निघायची तेव्हा हातात विळा असायचा नि खांद्यावर फडकं. विळा कशाला? आमच्या दोन खोल्यांच्या घराला ना गाय, ना म्हैस, ना शेळी. आणि परत येताना त्या फडक्यात गवताची एक काडी नसायची. विळा न्यायचा नि गवत आणायचं नाही? डॉक्टरांनी पाऊण तास सांगितलेला, हिला सव्वा तास लागायचा. जाते कालव्याच्या चारीच्या कडेनं म्हणायची. चारीची माती काळी, आणि हिच्या चपलांना तांबडा मुरूम. मी तिच्या चपला उचलून बघायचो. होय, बायकोच्या चपला पालथ्या करून बघायचो, ती न्हाणीत असताना. आणि डोक्यात एकच हिशेब — वजन आपोआप कमी होत नाही. ही ते कुठं उतरवून येतेय? कुणासाठी?

सरळ विचारायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण विचारलं की माणूस सावध होतो, हे मला गाडीवाल्यांनी शिकवलेलं. जाऊ नको म्हणावं, तर डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मुलीच्या देखत ठरलेलं. शिवाय बायको बारीक झाली म्हणून हा घाबरला — असं कुणी म्हणालं असतं तर? मला तिचं जाणं थांबवायचं होतं, पण थांबवणारा मी दिसायला नको होतो.

तो तिसरा रविवार. ती यायच्या आधीच मी दांडीवरचं वजन एकोणऐंशीवर लावून ठेवलं. मागच्या आकड्यापासून सुरुवात करायची असते, असं तिला वाटलं असेल. ती चढली. दांडी खालीच पडून राहिली — म्हणजे उतरलेलं होतं, नक्की उतरलेलं होतं. मी तिच्या पाठीमागं उभा होतो. केबिनमध्ये मी चप्पल काढूनच वावरायचो. उजव्या पायाचा अंगठा फळीच्या मागच्या कडेवर ठेवला, आणि दाबला. हळूहळू. दांडी उचलली, मधोमध आली, तरंगली.

"एकोणऐंशी," मी म्हणालो.

"तेवढंच? नीट बगा की वो."

"तूच बघ. तरंगतेय की."

तिनं बघितलं. तरंगत होती. मी अंगठा काढायच्या आधी तिला खाली उतरायला सांगितलं, नि किल्ल्या तिच्या हातात दिल्या. वरकुट्याच्या आबांना पटावं म्हणून मी तपासणीची वजनं मांडून दाखवली होती. मंगलनं काही दाखवायला सांगितलं नाही.

एवढं सोपं होतं ते. आकडा आधी ठरवायचा, मग अंगठा. आणि एकदा केल्यावर दुसऱ्यांदा करायला काहीच लागत नाही. चौथ्या महिन्यात मी साडेएकोणऐंशी लावलं. उतरायचं सोडा, अर्धा किलो चढलं! ती कितीतरी वेळ फळीवरच उभी राहिली. माझा अंगठा दुखायला लागला. "ब्लाउज ढिला हुतोय, नि वजन तितंच," ती म्हणाली. "माझ्या अंगाचंच कायतरी चुकतंय. काटा कशाला खोटं बोलंल?" सगळा तालुका ज्या काट्यांवर विश्वास ठेवायचा नाही, त्यावर तिनं ठेवला. स्वतःच्या बांगड्यांवर नाही ठेवला.

मला वाटलं होतं ती कंटाळेल, चालणं सोडेल. झालं उलटंच. ती आणखी लवकर उठायला लागली. दीड भाकरीची एक केली, एकाची अर्धी. रात्रीचं जेवण म्हणजे वाटीभर ताक. मुलगी तिच्याशी भांडायची, आई तू खात का नाहीस म्हणून. मी ताटावर मान खाली घालून जेवायचो. आणि तरी संशय होताच — एवढं कशासाठी करतेय ही? नुसत्या आजाराच्या भीतीनं माणूस एवढं करतं का? तिच्या आईला मीही चाचपडताना बघितलं होतं, तरी मला असं वाटलं.

शेवटी एका सकाळी सायकल घेऊन तिच्या मागं गेलो. लांबून. चारीच्या रस्त्यानं ती भराभर चालली होती, मी तिला इतक्या भराभर चालताना कधी बघितलं नव्हतं. समोरून कुणी आलं की विचारायचं, "कुठं निघाली बाई?" ती विळा वर करून दाखवायची. "गवताला." माणूस पुढं जायचं. असं तीनदा झालं. मग कळंबच्या रस्त्याला लागायच्या आधी मुरमाचा माळ आहे, तिथं मेंढ्या दिसल्या. मेंढ्यांमागं ठकूबाई — सत्तरीची धनगराची म्हातारी. तिच्या मुलांनी केव्हाच कळप मोडून ऊस लावला होता; हिनं मात्र सवय म्हणून वीस-पंचवीस मेंढ्या ठेवल्या होत्या. मंगलनं पदर खोचला नि म्हातारीबरोबर मेंढ्यांमागं तो माळ चढायला लागली. दोघी मोठमोठ्यानं बोलत होत्या. मंगल हसत होती. माळ उतरून पलीकडनं परत. बस. तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी बाभळीआड सायकल धरून ती परत फिरेपर्यंत उभा होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

तरी माझं समाधान झालं नाही. दोन दिवसांनी कामावर जाताना ठकूबाई भेटली, तेव्हा सहज विचारल्यासारखं केलं, आमची मंगल विळा कशाला आणते हो? म्हातारी बोळकं उघडून हसली. "आवं, मीच सांगितलं तिला. बाईमाणूस रिकाम्या हातानं रस्त्यानं निगाली की लोकं धा सवाल करत्यात. विळा असला म्हंजी कुणी इचारत न्हाय." मग माझ्याकडं निरखून म्हणाली, "तुमी सुदिक इचारलं न्हाय म्हना की तिला!"

मला हायसं वाटलं. तिथल्या तिथं इतकी लाज वाटली, की सायकलवर न बसता मी कारखान्यापर्यंत चालत गेलो. विळा माझ्यापासून लपवण्यासाठी नव्हता, माझ्यासारख्यांपासून वाचण्यासाठी होता. मग पुढच्या रविवारी मी अंगठा उचलला असेल, नाही का?

इथंच ते आहे. इथवरचं मी कधी ना कधी कुणाला तरी सांगू शकलो असतो. संशय येतो माणसाला, बायकोबद्दल तर येतोच, लोक समजूनही घेतात — समजून घ्यायला नको, पण घेतात. पण मला सगळं कळलं होतं. विळा कळला, मुरूम कळला, हसणं कळलं. आणि त्यानंतर मी पाचव्या महिन्यात अंगठा ठेवला. सहाव्या महिन्यात ठेवला. सातव्या महिन्यातही ठेवला.

का? मी स्वतःला सांगायचो, अंगठा काढला तर आकडा एकदम पाच-सहा किलो खाली येईल, ती विचारेल कसं काय, आणि ती काही खुळी नाही. ही भीती खरी होती. पण दर महिन्याला थोडं थोडं खाली आणता आलं असतं. तिला संशयसुद्धा आला नसता. हे मला सुचलं नव्हतं असं नाही. चांगलं सुचलं होतं.

मला ते आवडायला लागलं होतं. घ्या, सांगितलं. काट्यावरून उतरताना ती माझ्या तोंडाकडं बघायची ना, ते. महिनाभर तिनं किती खायचं, किती चालायचं, हसायचं की नाही — हे माझ्या एका आकड्यावर ठरायचं. कारखान्यात मला कुणी विचारत नव्हतं, शेतकरी तोंडावर चोर म्हणायचे. घरात माझ्या शब्दाला एवढी किंमत त्याआधी कधी आली नव्हती. ती वाळत होती, नि मी ते सोडायला तयार नव्हतो.

वैशाखात ती माळावर पडली. ठकूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन तोंडावर पाणी मारलं, रस्त्यानं चाललेला ट्रॅक्टर थांबवला. घरासमोर ट्रॉली लागली तेव्हा मी कामावर निघायच्या तयारीत होतो. मीच तिला उचलून खाली घेतलं. आणि हातांना कळलं. वर्षानुवर्षं वजनं करणाऱ्या माणसाचे हात होते ते, त्यांना काट्याची गरज नव्हती. त्याच महिन्यात मी तिला ऐंशी दाखवले होते. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात अर्धीच भाकरी होती, असं मुलीनं रडत सांगितलं.

तेव्हा तरी बोलायचं होतं. ती बाजेवर पडून छताकडं बघत होती, मी शेजारी, खोलीत दुसरं कुणी नाही. "मी समदं केलं वो," ती म्हणाली. "आता न्हाय हुत माझ्याच्यानं. आईचं झालं तेच माझं हुणार." मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. फडकं वाळलं की पुन्हा भिजवून ठेवायचो. लोकांनी मला चांगला नवरा म्हटलं.

विळा माळ्यावर गेला. चहात साखर आली. कॅलेंडर वर्ष संपायच्या आधीच चुलीत गेलं. उतरलेलं — जे काय उतरलं होतं ते — वर्षभरात परत चढलं, आणि वर आणखी चढलं. तिला एकदा जरी खरा आकडा दिसला असता, तर तिनं तो धरून ठेवला असता. जन्मभर धरून ठेवला असता. धरून ठेवण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण धरायला तिच्या हातात मी काही दिलंच नाही. किती उतरलं होतं? हे तुम्हाला सांगता येत नाही, कारण मलाच माहीत नाही. मी आकडा आधी ठरवून दाबत होतो, अंगठ्याखाली खरं काय आहे ते एकदाही बघितलं नाही. तिच्या त्या पाच महिन्यांचं खरं वजन कुठंच लिहिलेलं नाही.

दशक संपता संपता तिला साखर लागली. त्याच डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा वजन उतरवायचं ठरलं होतं ना? "सात म्हयनं केलं," ती म्हणाली. "पयल्याला दोन किलो उतरलं, मग हाललंच न्हाय. ह्यांना इचारा." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी होय म्हणून मान हलवली. काही लोकांचं शरीर असतंच तसं, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहिल्या. पुढं गोळ्यांची इंजेक्शनं झाली. गुडघे गेले. आता डाव्या डोळ्यानं तिला अंधूक दिसतं.

गेल्या महिन्यात तपासणीला बारामतीला गेलो होतो. डॉक्टर आता नवे आहेत, काटा नवा आहे — लाल आकडे दाखवणारा. चपला बाहेर काढलेल्या. मंगलला तोल जातो म्हणून मी दंडाला धरून तिला काट्यावर चढवलं नि मागं उभा राहिलो. नर्स आकडा लिहायला वाकली नि थांबली.

"आजोबा, पाय मागं घ्या. काट्यावर टेकलाय तुमचा."

मी खाली बघितलं. उजव्या पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर होता. मी मुद्दाम ठेवला नव्हता. हे मी सांगतोय. खरं धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मंगलनं मागं वळून बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत ती नर्सला म्हणाली, "आसू दे गं. त्यांची जुनी सवय हाय ती."

मी पाय काढला. आकडा खाली आला नि थांबला. नर्सनं तो लिहून घेतला.

एसटीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. तिला कधी कळलं? अनवाणी उभी असायची, फळी मागं कलल्याचं तळपायांना कळलं असेल? की पुढं केव्हातरी, वर्षांनी, बसल्या बसल्या लक्षात आलं? आणि तेव्हाच कळलं होतं, तर ती अर्धी भाकरी कशासाठी होती? की तिला म्हणायचं होतं ते एवढंच, की मागं उभं राहायची ह्यांना सवय आहे? मी विचारलं नाही. फाटा आला तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार माझ्यावर दिला, आणि एकेक पायरी करत मी तिला खाली उतरवून घेतलं.